बदललेली बोली

वडिलांच्या उजव्या डोळ्यावर भोकाभोकांची प्लॅस्टिकची वाटी चिकटवलेली होती. डाव्या डोळ्यातला मोतीबिंदू अजून काढायचा होता, त्यामुळे त्या डोळ्याला समोरचा कॉम्प्युटर म्हणजे नुसता उजेडाचा चौकोन. तरीही जेवण झाल्यापासून ते त्या चौकोनासमोर खुर्ची टाकून बसले होते आणि दर पाच मिनिटांनी लेकीला विचारत होते, "किती वाजले? भिंतीवरचे नकोत, फोरमवरचे सांग."

"फोरमवरचे एक अठ्ठावन्न. भिंतीवरचे दोन वाजून एक मिनिट. बाबा, तीन मिनिटांनी काय बिघडतं हो?"

"तीन मिनिटांत लिलाव बिघडतो."

पलंगाच्या कडेला बसून औषधाच्या बाटल्या ओळीने लावणारी आत्या मान वर न करता म्हणाली, "दादा, ऑपरेशन तुझ्या डोळ्याचं केलं की डोक्याचं? डॉक्टरांनी पडून राहायला सांगितलंय."

"पडलोच आहे. खुर्चीत पडलोय."

आत्याने तीस वर्षे शाळेत गणित शिकवले होते. असल्या उत्तरांना ती मार्क देत नसे.

लेक पाणीपुरवठा कार्यालयाच्या पत्रव्यवहार विभागात होती. नळाला पाणी येत नाही, आले तर गढूळ येते, बिल मात्र स्वच्छ येते, अशा तक्रारींना उत्तरे लिहिणे हे तिचे काम. शिव्यांनी भरलेल्या पत्रालाही ती ‘सप्रेम नमस्कार’ लिहून सुरुवात करी आणि ‘आपल्या सहकार्याबद्दल आभारी आहोत’ म्हणून शेवट करी. अकरा वर्षांत ही सवय हाडीमासी भिनली होती. वडिलांच्या डोळ्यासाठी तिने दोन दिवसांची रजा काढली होती, आणि पहिल्याच दिवशी तिच्याकडे हे काम आले होते: त्यांच्या वतीने लिलावात बोली लावायची.

लिलाव होता एका खाणीच्या शेअरचा. ही खाण जमिनीत नव्हती. दूरच्या एका धरणाच्या पायथ्याशी एक लांबट शेड होती आणि तिच्यात ओळीने मांडलेली यंत्रे अहोरात्र गणिते सोडवत बसलेली होती. जगभर अशी असंख्य यंत्रे तीच गणिते सोडवत असत. ज्याचे आधी सुटेल त्याला नव्या नाण्यांचा वाटा मिळे. नाणेही हातात धरण्याजोगे नव्हे, नोंदीतले. धरणाजवळ वीज स्वस्त म्हणून शेड तिथे. शेडचे एक हजार शेअर होते, आणि दिवसभरात यंत्रांनी मिळवलेले त्या हजार वाट्यांत विभागले जाई. नाण्याच्या हजाराव्या भागाला फोरमवर ‘दाणा’ म्हणत, आणि शेअरचे दर दाण्यांत बोलले जात.

वडिलांचा धंदा मोटारी रिवाइंड करण्याचा. चाळीस वर्षे त्यांनी जळालेल्या मोटारींतली तांब्याची तार उपसली आणि नवी गुंडाळली. दुकान बंद केल्यावर ते या फोरमवर आले ते यंत्रांच्या पंख्यांपायी. शेडमधला एक ट्रान्स्फॉर्मर गुरगुरतो, असे शेड चालवणाऱ्या बाईने फोरमवर लिहिले होते. वडिलांनी घरबसल्या, न बघता, नुसत्या वर्णनावरून दोष सांगितला आणि तो खरा निघाला. तेव्हापासून ते ‘वेटोळे’ या नावाने तिथे लिहीत. बाईचे नाव ‘पाणचक्की’. सात वर्षांत दोघांनी एकमेकांचे तोंड पाहिले नव्हते, आवाज ऐकला नव्हता.

वडिलांकडे पंच्याऐंशी शेअर होते. शंभर झाले की शेडचा दरवाजा त्या शेअरवाल्याला उघडतो, असा करार होता: वर्षातून एकदा जाऊन यंत्रे पाहता येतात, हिशेब तपासता येतो, बैठकीत हात वर करता येतो. हिशेब आणि बैठक यांच्याशी वडिलांना कर्तव्य नव्हते. त्यांना तो ट्रान्स्फॉर्मर पाहायचा होता. आज शेडचे उरलेले चाळीस शेअर विकायला निघाले होते आणि यानंतर एकही निघणार नव्हता. कोणी आपले विकेल म्हणावे, तर या खाणीचे शेअर विकणारा माणूस सात वर्षांत एक निघाला होता, तोही वारल्यामुळे.

"पंधरा मिळाले तर मिळाले," वडील म्हणाले. "नाही तर डोळे करून घेतले कशाला, असं होईल."

"म्हणजे मला बघायला नव्हेत वाटतं," लेक म्हणाली.

"तुला काय, आवाजावरून ओळखतो मी."

दोनला लिलावाचा धागा, म्हणजे फोरमवरचे त्याचे पान, उघडला. वरच पाणचक्कीने नियम लिहिले होते, पण वडिलांना ते पाठ होते, आणि ते पूजा सांगावी तसे सांगू लागले. धाग्यात बोलीखेरीज काही लिहायचे नाही. आधी संख्या, मग एका शेअरचा दर. पाचापेक्षा कमी शेअर मागायचे नाहीत. लावलेली बोली म्हणजे दिलेला शब्द, मागे घ्यायची सोय नाही. दुसऱ्याच्या बोलीवर हसायचे नाही, हळहळायचे नाही. एकच दर दोघांनी लावला तर आधी लावणारा पुढे. चारला लिलाव बंद. शेवटच्या दहा मिनिटांत बोली पडली तर तिथून पुढे दहा मिनिटे. गप्पांचा धागा, ज्याला ते कट्टा म्हणत, लिलाव संपेपर्यंत कुलूपबंद. आणि विकणारी तोवर कोणाचे खासगी पत्रही उघडणार नाही, म्हणजे कानाला लागून कोणी काही सांगितले असा बोल नको.

"एवढं तर आमच्या परीक्षा मंडळातही नव्हतं," आत्या म्हणाली.

"म्हणून तर तिथे पेपर फुटायचे."

दोन वाजून दहा मिनिटांनी वडिलांनी इशारा केला. लेकीने लिहिले: १५, २०. आणि पाठवून दिले. पंधरा शेअर, दर वीस. म्हणजे तीनशे दाणे. वडिलांजवळ एकूण तीनशे बारा होते, सात वर्षांत त्याच शेडमधून ठिबकलेले. तीन मिनिटांनी खाली तशीच एक बोली पडली: १५, २०. लावणारा ‘टाचणी’.

लेकीने वाचून दाखवताच वडील खुर्चीत सावरून बसले. "आला मेला. माझ्या मागोमाग यायचंच त्याला. बरं झालं, आपण आधी आहोत."

टाचणीची कीर्ती लेकीलाही ऐकून माहीत होती. जेवताना, चहा घेताना, वडील त्याच्या नावाने खडे फोडत. शेडमधल्या पंख्यांनी हवा आत ढकलावी की बाहेर खेचावी, यावर दोघे तीन आठवडे भांडले होते. एकदा त्याने वडिलांच्या बेरजेतली एका दाण्याची चूक सगळ्यांसमोर दाखवून दिली होती. फोरमवर जे काही घडे त्याचे तो स्क्रीनवरून जसेच्या तसे चित्र टिपून ठेवी, तारीख-वेळेसकट. कोणी काही नाकारले की चित्र काढून समोर टाची. नाव त्यावरूनच पडले असावे.

वडिलांना लघवीला जायचे होते. आत्या त्यांना हाताला धरून घेऊन गेली. लेक एकटी स्क्रीनसमोर राहिली आणि तिची नजर त्या दोन आकड्यांवर गेली. ‘१५, २०.’ ना नमस्कार, ना चमत्कार. एखाद्याच्या दारात जाऊन नुसता हात पुढे करावा तसे ते तिला दिसले. त्या पाणचक्कीबाईंना काय वाटेल? सात वर्षांची ओळख, आणि घरात शिकलीसवरलेली मुलगी असताना अशी बोली. खाली ‘संपादन’ असे बटण होते. तिने ते दाबले, आकड्यांच्या आधी ‘सप्रेम नमस्कार’ आणि नंतर ‘आभारी आहे’ असे लिहिले, आणि पुन्हा पाठवले. आकड्यांना तिने बोटही लावले नाही.

प्रतिसादाच्या खाली एक बारीक राखाडी ओळ उमटली: संपादित, २.१६.

वडील परत येऊन बसले. "काही नवं?"

"काही नाही. आपली बोली जरा नीट केली."

"नीट म्हणजे?"

तिने सांगितले. तिला अपेक्षा होती की ते हसतील. त्यांनी हात पुढे करून टेबलाची कड चाचपली आणि धरून ठेवली.

"खाली काय आलंय? अक्षरन् अक्षर वाच."

"संपादित, दोन सोळा."

"दादा," आत्या म्हणाली, "असा चेहरा का केलास? नमस्कारच केलाय ना पोरीने, मारलं तर नाही कोणाला."

वडील हळू बोलू लागले, दुकानात एखाद्याला मोटार जळाल्याचे सांगत तसे. बदललेल्या बोलीत आधी काय होते, हे फोरमवर कोणालाच दिसत नाही. विकणारीलाही नाही. आधी दहा शेअर असतील आणि आता पंधरा केले असतील. आधी एकोणीस असेल आणि दुसऱ्याचा वीस पाहून वीस केला असेल. म्हणून नियम असा की बदललेली बोली लावणाऱ्याला बांधते, विकणारीला बांधत नाही. तिने घेतली तर आपल्याला पैसे भरावेच लागतील. नाकारली तर विचारायची सोय नाही. आणि पाणचक्कीने आजवर अशा तिन्हीच्या तिन्ही नाकारल्या.

लेकीने कीबोर्ड पुढे ओढला. "मग नवी लावते. स्वच्छ. नुसते आकडे."

"कशातून? तीनशे या बोलीत अडकले. ती उभी आहे अजून. उद्या तिने दोन्ही घेतल्या तर सहाशे कुठून आणायचे?"

"पण ती घेणारच नाही म्हणता ना!"

"घेणार नाही हा माझा अंदाज. बोली अंदाजावर लावत नाहीत. गाठीला असेल तेवढीच लावतात."

"मग कबूल करूया. लिहिते, की हे मी केलं, बाबांना दिसत नाही, त्यांचा दोष नाही."

"धाग्यात बोलीशिवाय काही लिहायचं नाही."

"लिलाव संपल्यावर लिहीन."

"आणि काय लिहिशील? मुलीने केलं म्हणून?" वडिलांच्या आवाजात राग नव्हता, त्यामुळे तिला ते अधिकच लागले. "अगं, शब्द फिरवणारा प्रत्येक जण तेच लिहितो. कोणाची मुलगी, कोणाचं मांजर कीबोर्डवर चाललेलं. तिथे मला कोणी पाहिलंय का? दुकान पाहिलं नाही, हात पाहिले नाहीत. आकडा लिहिला तोच मी. तू लिहिलास तरी मीच."

आत्याने डोळ्यात घालायच्या थेंबांची बाटली हातात घेतली होती, ती तशीच राहिली. ती म्हणाली, "ही पोर अकरा वर्षं लोकांचे आभार मानतेय. आज पहिल्यांदा कुणाला ते महाग पडले."

"मला माफ करा, बाबा."

"माफ कसलं? चुकून झालं. चला, थेंब घाला कोणी तरी."

पुढचा तास सवातास धाग्यात बोल्या पडत राहिल्या. ‘गोगलगाय’ नावाच्या कोणीतरी दहा मागितले, दर बावीस. ‘पितळ’ने दहा, दर एकवीस. चाळीस शेअर भरण्याआधी अठरा, सतरा अशा किरकोळ बोल्याही पडून गेल्या होत्या. वेटोळेच्या बोलीखालच्या राखाडी ओळीबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. लेकीला वाटले होते, कोणी टोमणा मारील, निदान प्रश्नचिन्ह तरी टाकील. ती शांतता तिला टोमण्याहून जड जात होती. मग हळूहळू तिच्या लक्षात आले की ही शांतता पाळलेली आहे. ज्याला बोलायचा हक्क नाही अशा माणसासमोर त्याच्याबद्दल बोलू नये, इतके साधे ते होते. आणि कार्यालयात, जिथे सगळे एकमेकांना तोंडाने ओळखत, तिथे तिने ते क्वचित पाहिले होते.

वाट पाहता पाहता तिने वडिलांचे जुने लेखन उघडले. चौदाशेहून जास्त प्रतिसाद. कोणाच्या पंख्याचे बेअरिंग, कोणाची वायर तापते, कोणाला स्वस्तातले तांबे घेऊ नकोस म्हणून दरडावलेले. एका नवख्याला त्यांनी चार दिवस धीर धरून, पायरी पायरीने, जळालेले वेटोळे सोडवायला शिकवले होते. घरात रिमोटच्या सेलवरून चिडणारा हा माणूस तिथे इतका सोशिक होता! चुका होत्याच, पण चुकीच्या प्रतिसादाखाली नवा प्रतिसाद असे: ‘वर मी चूक सांगितले. बरोबर असे.’ मूळचा तसाच ठेवलेला. ती पानामागून पान खाली सरकवत गेली. राखाडी ओळ कुठेच नव्हती. चौदाशेंत एकही नाही. आजची पहिली, आणि ती तिच्या हातची.

"काय वाचतेस?" वडिलांनी विचारले. बटणांचा आवाज त्यांना कळत होता.

"तुमचं."

"पंख्याचं वाचू नकोस. त्यात माझं खरं होतं, पण मी जरा वाईट बोललो टाचणीला."

एव्हाना आत्या टेबलाजवळ आली होती. न पाहिलेल्या शेडमधल्या न दिसणाऱ्या नाण्यांचे तुकडे, अशी जिची दुपारपर्यंतची भाषा होती, तिने पाठकोऱ्या कागदावर बोल्या उतरवून घेतल्या होत्या आणि पेन्सिलीने खुणा करत होती. "हे बघ गं. तुमची धरली तर गोगलगाय दहा, पितळ दहा, दादा पंधरा, आणि त्या टाचणीच्या पंधरातले पाच. झाले चाळीस. तुमची सोडली तर टाचणीला सगळे पंधरा. त्याच्याकडे आधीचे किती?"

शेअरची यादी फोरमवर उघडी होती. लेकीने पाहिले. "अठ्ठ्याऐंशी."

"म्हणजे तुमची बोली उडाली की तो शंभराच्या पार. एकशेतीन."

वडिलांनी मान हलवली. त्यांना ते आधीच ठाऊक असावे. "मिळू देत," ते म्हणाले. "यंत्रातलं कळतं त्याला. पंख्यांचं सोडून."

तीन वाजून बावन्न मिनिटांनी टाचणीचा प्रतिसाद आला. लेकीने वाचायला तोंड उघडले आणि तशीच थांबली.

"काय आहे? वाच की."

"पाच, एकवीस. आणि खाली चित्र आहे, बाबा."

"कसलं चित्र?"

"धाग्याचं. वेळ दोन अकरा. त्यात तुमची बोली दिसतेय. नुसती. पंधरा, वीस. नमस्कार नाही, काही नाही. शेवटी एक ओळ लिहिलीये: ‘नोंदीसाठी.’"

वडील उठून उभे राहिले. आत्याने त्यांच्या दंडाला धरून खाली बसवले. "झटका देऊ नकोस डोळ्याला! आणि मला समजावून सांगा. एक बोली होती ना त्याची? दुसरी कशाला?"

सांगितले वडिलांनीच, पण तुटक तुटक. धाग्यात बोलायचे तर बोली लावूनच बोलता येते. नवी बोली पाचापेक्षा कमीची चालत नाही आणि चाळीसही शेअर बोलून झाल्यावर ती दिसत असलेल्या शेवटच्या जिंकत्या दराच्या वर एक दाणा तरी हवी. वीसच्या वर एकवीस. म्हणजे एक ओळ लिहिण्यासाठी त्याने पाच शेअरांचा शब्द टाकला. त्याची पहिली बोलीही उभीच आहे. दोन्ही अंगावर आल्या तर चारशे पाच दाणे. तेवढे गाठीला आहेत म्हणून लावली, नसते तर त्याने लावली नसती.

आत्याची पेन्सिल कागदावर धावत होती. ती थांबली. "गप्प बसला असता तर पंधरा मिळत होते त्याला. आता पाणचक्कीने तुझी बोली धरली तर गोगलगाय दहा, पितळ दहा, ह्याचे हे नवे पाच, तुझे पंधरा. चाळीस. वीसच्या दरातलं त्याला काहीच उरत नाही. पाच शेअर, तेही एक दाणा चढ्या भावाने. त्र्याण्णववर अडकला." तिने चष्मा काढला. "दादा, हा माणूस वेडा आहे का?"

"नाही," वडील म्हणाले. "त्याला चुकीची नोंद बघवत नाही. माझी असो, त्याची असो. तो दाणा त्याने दाखवला होता ना बेरजेतला... तो माझ्या फायद्याचा होता. मीच स्वतःला एक कमी धरला होता." त्यांनी चेहरा लेकीकडे वळवला. "ते मी घरी कधी सांगितलं नाही वाटतं."

"नाही सांगितलंत," लेक म्हणाली.

या बोलीमुळे बंद होण्याची वेळ दोन मिनिटे पुढे सरकली होती. लिलाव आता चार वाजून दोन मिनिटांनी बंद होणार होता. ती दहा मिनिटे तिघांनी स्क्रीनसमोर काढली, त्यातल्या दोघांना दिसत होते आणि तिसरा त्यांच्या श्वासांवरून ओळखत होता. लेकीच्या मनात पुन्हा पुन्हा एकच शंका येत होती, ती तिने शेवटी बोलून दाखवली: चित्र खोटे बनवता येते, पाणचक्कीने मानले नाही तर?

"येतं की बनवता," वडील म्हणाले. "पण स्वतःच्या तोट्यासाठी कोण बनवील?"

चार वाजून दोन मिनिटांनी धागा बंद झाला. पाच वाजायला अजून पुष्कळ अवकाश आहे असे वडील म्हणत होते, कारण निकाल लावायला पाणचक्कीला तासाची मुभा होती. चार वाजून नऊ मिनिटांनी निकाल लागला. लेकीने एकेक ओळ सावकाश वाचली.

"गोगलगाय, दहा, बावीस. पितळ, दहा, एकवीस. टाचणी, पाच, एकवीस." तिने पान खाली सरकवले. "वेटोळे, पंधरा, वीस. आणि खाली लिहिलंय, ‘बदललेली बोली स्वीकारण्याचा हक्क वापरला आहे. कारण वर टाचलेले आहे.’"

आत्याने टाळी वाजवली आणि लगेच, कोणी पाहिले तर नाही ना अशा चेहऱ्याने, बाटल्यांची झाकणे घट्ट करू लागली. वडील म्हणाले, "तिने आधीच्या तीन नाकारल्या होत्या. ही ओळखीची म्हणून घेतली असती तर मला आवडलं नसतं. पुरावा आला म्हणून घेतली. बाई पक्की आहे."

"कट्टा उघडला का बघ," ते पुढे म्हणाले.

"उघडला. आता तरी आभार मानू ना त्यांचे? एक ओळ. फार तर दोन."

"नाही."

"बाबा!"

"आभार मानले की ते उपकार होतात. त्याने उपकार केले नाहीत, नोंद केली. त्याला राग येईल." त्यांनी डोके मागे टेकले. "आधी पैसे भर. एका तासात भरायचे असतात, पण आपण आत्ता भरू."

तीनशे दाणे तिने आकडा दोनदा मोठ्याने वाचून, वडिलांकडून होकार घेऊन पाठवले. बारा उरले. कट्ट्यावर ‘भरले’ एवढेच लिहायचे असते, तेवढेच तिने लिहिले. एका मिनिटाच्या आत खाली टाचणीचे ‘भरले’ आले.

साडेचारला पाणचक्कीचे खासगी पत्र आले. ते मात्र चांगले आठ ओळींचे होते, आणि नमस्काराने सुरू झालेले पाहून लेकीच्या जिवात जीव आल्यासारखे झाले. शंभर पूर्ण झाल्याबद्दल अभिनंदन. डोळ्यांचे आपण मागे कट्ट्यावर लिहिले होते, ते बरे झाले की कळवा. तुम्ही दोष सांगितल्यापासून ट्रान्स्फॉर्मर पुन्हा गुरगुरलेला नाही. शंभरवाल्याला सोबत एक माणूस आणता येतो. येणाऱ्याचे नाव आधी कळवावे.

आत्याने केसांवरून हात फिरवला. "धरणाजवळ गार असेल ना? माझी ती लोकरीची शाल काढायला हवी."

"तू कशाला येतेस?" वडील म्हणाले.

"कशाला म्हणजे? दोन-दोन तासांनी थेंब घालायला मी, आणि बघायला जाताना..."

"मग मी," लेक म्हणाली.

"तुला यंत्रातलं काय कळतं? बस इकडे आणि लिही. पाणचक्कीला लिही, सोबतीचं नाव टाचणी. आणि ह्याला वेगळं लिही. काय लिहावं बरं..." त्यांनी ओठ हलवून दोन-तीन वाक्ये जुळवून पाहिली आणि टाकून दिली. वाटीखालचा डोळा पाणावला होता. ऑपरेशननंतर तसे होते, असे डॉक्टरांनी सांगितले होते. "लिही: ‘पंखे प्रत्यक्ष पाहून ठरवू. माझ्यासोबत येण्याची एक जागा आहे. येणार का?’ बस. पुढे काही लावू नकोस."

तिने तेवढेच लिहिले. पाठवण्याआधी तिने ते दोनदा वाचले आणि बटण दाबल्यावर दोन्ही हात मांडीवर ठेवून बसली.

उत्तर यायला वीस मिनिटे लागली. आत्या तोवर रुसून चहा करायला गेली होती आणि रुसूनच तीन कप घेऊन आली होती. लेकीने उत्तर वाचले.

"‘करार पाहिला. कलम नऊप्रमाणे सोबती यंत्रे पाहू शकतो, पण हात लावू शकत नाही आणि बैठकीत बोलू शकत नाही. या अटी मान्य. पंख्यांविषयी बोलणे बैठकीबाहेर करता येईल. तारीख कळवावी.’"

"बघ," वडील म्हणाले, "कलमं काढून वाचत बसला होता वीस मिनिटं." आणि ते हसू लागले, आत्या ओरडली, दादा, डोळा, डोळा, हसू नकोस, त्यांनी दोन्ही हातांनी खुर्चीचे हात धरले, तोंड घट्ट मिटले, तरी त्यांचे खांदे हलतच राहिले. लेकीने कॅलेंडर काढले आणि डॉक्टरांनी प्रवासाला कोणत्या आठवड्यापासून मुभा दिली आहे, ते पाहू लागली.